निळा समोर काऊन?

ईशान आणि मीरा, तुमच्या सुट्ट्यांमधले फोटो मिळाले. नेहमीप्रमाणे मी ते चिखलीच्या स्टुडिओतून छापून आणले, अल्बममध्ये लावले आणि प्रत्येकाखाली गावाचं नाव आणि महिना लिहायला बसले. काही केल्या क्रम लागेना. शेवटी तुमच्या आईला फोन केला, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, की ते गावांप्रमाणे नाहीतच, मीराने ते रंगांप्रमाणे लावलेत. आधी सगळे पिवळे, मग हिरवे, मग निळे. म्हणून पोर्तुगालची भिंत आणि व्हिएतनामची होडी शेजारी शेजारी आली होती.

मी पेन खाली ठेवलं. जगभरचे फोटो असे रंगावरून लावणारी एक बाई मी पाहिली आहे. त्यांच्याबद्दल तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, कारण ज्यांना माहीत आहे त्यांना ते आठवायचं नाही. म्हणून तुमची ही आजी लिहिते. ही गोड गोष्ट नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्यांचं नाव हिवाळे मॅडम. आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. मी इंग्रजी शिकवत असे. शाळा चिखलीहून मेहकरकडे जाताना लागते, त्या रस्त्यावरच. त्या चिखलीहून काळीपिवळी जीपमध्ये बसून येत. उंच, सडपातळ, आणि साड्या अशा, की पदर आणि काठ यांचं आपसांत भांडण चालू आहे असं वाटावं. हिरव्यावर जांभळा, पिवळ्यावर किरमिजी. माझ्या डोळ्यांना त्या साड्या बोचत. एकदा मी तसं म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "बोचल्या तर पाहाल तरी, मॅडम."

त्यांचं चरित्र मी सांगत नाही. मला ते पूर्ण माहीतही नाही. पण त्या रुजू झाल्या तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या क्लार्कने त्यांची कागदपत्रं घेतली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "हिवाळे म्हणजे कोणते हिवाळे? गाव कोणतं तुमचं?"

तुम्हाला हा भूगोलाचा प्रश्न वाटेल. आमच्याकडे तो भूगोलाचा नसतो. आधी गाव विचारतात, मग गावातली वस्ती विचारतात, आणि तिसरा प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

हिवाळे मॅडम म्हणाल्या, "पावसाळा संपला की येतात ना सर, ते हिवाळे."

सगळी स्टाफरूम हसली. क्लार्कही हसला. मग तो आत गेला आणि त्याने फाइल उघडून पाहिली. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या माठाजवळचे स्टीलचे ग्लास दोन जागी दिसू लागले, एका जागी बरेच आणि दुसऱ्या जागी एकच. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ते आपोआप झालं, जशी अशा गोष्टींची आमच्याकडे रीत आहे. आठवडाभराने हिवाळे मॅडमनी घरून एक लालभडक प्लॅस्टिकचा ग्लास आणला आणि माठावर ठेवला. "हा माहा. लांबूनही दिसते. चुकून कोणाचा हात लागायले नको." त्या हे इतक्या गोड आवाजात बोलल्या, की रागवायचं कोणी हेच कोणाला कळेना. तो ग्लास तिथे कित्येक वर्षं होता.

माणसांविषयी बोलताना त्या रंगांत बोलत. मुख्याध्यापक चिडले की, "आज सरांचं वांगं झालं." एखादी मुलगी लग्न ठरल्यावर शाळा सोडून गेली की, "फिकी पडली पोरगी." परीक्षेच्या पर्यवेक्षणाला माझ्याबरोबर असल्या की माझ्या कानाशी येऊन म्हणत, "तुमचा पेपर पाहून सगळा वर्ग पांढरा झाला, मॅडम."

फोटोंचा नाद लागला तो सगळ्यांच्या हातात चांगले मोबाइल आले तेव्हा. आमची एक जुनी विद्यार्थिनी, मनीषा, नर्स होऊन मस्कतला गेली होती. तिने मॅडमना स्वतःचा फोटो पाठवला. नवा गॉगल, नवी पर्स, मागे पिवळी भिंत. मॅडमनी उत्तर लिहिलं, "पोरी, तू बाजूला हो. मागच्या भिंतीचा फोटो पाठव."

मनीषा रुसली. तिच्या आईने शाळेत येऊन तक्रार केली. "माह्या लेकीनं एवढ्या मायेनं फोटो पाठवला, अन् मॅडम म्हणतात बाजूले हो!"

मॅडम म्हणाल्या, "तुह्या लेकीले मी पाचवीपासून पाहून राह्यली व. ती भिंत मले कोण दाखवणार?"

भिंतीचा फोटो आला. तो खरोखर पाहण्यासारखा होता. पिकलेल्या कवठाच्या आत जो रंग असतो त्याच्या जवळचा पिवळा, आणि त्यावर दुपारची एक तिरपी सावली. मग इतर मुलंही पाठवू लागली. पॅरिसला गेलेल्या एकाने आयफेल टॉवर पाठवला, त्याला उत्तर गेलं, "लोखंड चिखलीच्या बाजारातही मिळते. त्या टायमाले आभाळ कोणतं होतं ते पाठव." गजानन नावाचा एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता. वर्गात त्याने कधी पान भरून चित्र काढलं नव्हतं. तो समुद्र पाठवत राहिला, आणि प्रत्येक वेळचा निळा वेगळा. रुबीना नवऱ्याबरोबर समरकंदला फिरायला गेली, तिने तिथल्या मशिदींचे निळे घुमट पाठवले. मुलांनी मोबाइलवर एक ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं, "बाजूला हो".

हिवाळे मॅडम स्वतः कधी नागपूरच्या पलीकडे गेल्या नाहीत. त्या फोटो चिखलीला छापून घेत, सगळे एका मापाचे, आणि रविवारी निवडायला बसत. त्यांची निवडायची रीत मी पाहिली आहे. फोटो उलटा धरायचा, डोकं खाली पाय वर. भिंतीला टेकवून चार पावलं मागे यायचं, डोळे अर्धे मिटायचे. तरीही जो एक रंग उरतो तो खरा. उरला नाही तर फोटो बाद, मग तो कितीही प्रसिद्ध जागेचा असो.

"उलटा काऊन धरता?" त्यांच्या शेजारणीने एकदा विचारलं.

"उलटा धरला की गाव गळून पडते. मागं राह्यते तो रंग."

मी शिस्तीची बाई. मला ते पाहवेना. मी म्हटलं, मागे निदान देश, शहर, पाठवणाऱ्याचं नाव तरी लिहा. मी सुवाच्य अक्षरात लिहून देते, इंग्रजीत आणि मराठीत. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला. "नाव लिहिलं की लोक नाव वाचतात अन् पुढं जातात, मॅडम. पाहत कोणी नाही. मी तीस वर्षं तेच तर पाहून राह्यली." इतकं स्पष्ट त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं त्या वर्षी त्यांनी तिथला फोटो कोणाकडून तरी मिळवला आणि जगभरच्या गुलाबी फोटोंमध्ये गुपचूप घालून ठेवला. टाळेबंदीनंतर शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गाला ते सगळे दाखवले. एक मुलगी त्याच फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, हे आफ्रिकेतलं असंल."

"हाव. तुह्या मामाच्या गावाले जीप जाते ना, त्या आफ्रिकेतलं."

मुलीचा मामा लोणारचा होता. सगळा वर्ग हसून लोळला. ती मुलगी मात्र हसली नाही. ती फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत बसली. मॅडम मला नंतर म्हणाल्या, "मामाच्या घरी दर दिवाळीले जाते ती. तळं आज पाह्यलं तिनं."

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. मी तोवर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण घर शाळेजवळच, त्यामुळे जाणं-येणं होतं. त्यांच्यामागे चित्रकलेची जागा भरली जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तास गणिताला जाणार होते. शिक्षकदिनाच्या भाषणात संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब जोशात येऊन म्हणून गेले होते, की शाळेचा जुना हॉल मॅडमच्या फोटोंना देऊन टाकू, कायमचा. टाळ्या पडल्या होत्या. बोलणारा विसरला, पण हिवाळे मॅडमनी ते वाक्य धरून ठेवलं. "माह्यामागून इथं शिकवायले कोणी येणार नाही," त्या म्हणाल्या. "या भिंती तरी शिकवतील. पोरं येता-जाता पाहतील. एवढं झालं तरी पुष्कळ."

त्यासाठी त्या वर्षभर राबल्या. हॉलमध्ये फुटलेले बाक भरले होते, ते काढवले. भिंतींना चुना मारून घेतला. स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉल उघडायचा ठरलं. आदल्या आठवड्यात फोटो लागले. डावीकडे पिवळा, उजवीकडे हिरवा, दाराच्या दोन्ही बाजूंना केशरी, खांबांवर गुलाबी. आणि दारातून आत पाऊल टाकताच समोर, सगळ्यांत मोठ्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा. मी दारात उभी राहिले आणि मला क्षणभर गार वाटलं, हे मी तुम्हाला खरं सांगते. माझ्यासारखीला फोटोखाली नावं नाहीत याची आठवणसुद्धा झाली नाही.

संमेलनाला दोन दिवस असताना भाऊसाहेब, सचिव आणि मुख्याध्यापक पाहणी करायला आले. मी तिथेच होते, मॅडमना खिळे देत होते.

भाऊसाहेबांनी चप्पल काढली, आत आले, थांबले. मला वाटलं, त्यांनाही माझ्यासारखंच झालं असावं.

"मॅडम," ते म्हणाले, "निळा समोर काऊन?"

"ती भिंत मोठी हाय सर. समुद्र लहान भिंतीवर बसत नाही."

"बसवावा लागते, मॅडम."

"पृथ्वीवर पाणीच जास्त हाय, त्याले मी काय करू?"

सचिव पुढे आले. ते मवाळ बोलणारे गृहस्थ. "तसं नाही मॅडम. आम्ही ओळखतो तुम्हाला. पण पाहणारे काय म्हणतील? दार उघडलं की समोर निळा. म्हणजे लोक म्हणतील, मॅडमनी जाता जाता आपला झेंडा लावला."

"झेंडा?" हिवाळे मॅडमनी भिंतीकडे वळून पाहिलं. त्या खरोखर शोधत होत्या, असं मला वाटलं. "कुठी हाय झेंडा? हे गजाननचं जहाज हाय. हे रुबीनाचं समरकंद."

"अन् केशरी दाराच्या मागं टाकला," भाऊसाहेब म्हणाले. "दार उघडलं की तो झाकला जाते. उद्या गावातली पोरं येतील मले जाब विचारायले. त्यात उजव्या हाताले हिरवा, एवढा मोठा. मंग तर संपलंच."

मुख्याध्यापक लांबूनच केशरी फोटोंकडे पाहत होते. वातावरण हलकं करावं म्हणून की काय, म्हणाले, "भाऊसाहेब, तिकडे साधू पण आहेत बरं का. चांगले आहेत."

"साधू नाहीत सर," मॅडम म्हणाल्या. "लाओस देशातले भिक्खू हायत ते. आमचे."

मुलांनो, मी तुम्हाला त्या हॉलमध्ये काय होतं ते सांगते. निळ्या भिंतीवर मशिदी होत्या. केशरीमध्ये भिक्खू होते. हिरव्यात बालीमधली भाताची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध देवळं. कोणी दोन पावलं जवळ गेलं असतं तर हे दिसलं असतं. कोणी गेलं नाही. तिघेही हॉलच्या मध्यावर उभे राहून भिंती मोजत होते.

मी मध्ये बोलले. म्हटलं, खाली नावं लावू या, मी आज लिहून देते, म्हणजे गैरसमज होणार नाही. भाऊसाहेब म्हणाले, "नावानं काही होत नाही ताई, लोक लांबून पाहतात." आणि हिवाळे मॅडम त्याच क्षणी म्हणाल्या, "नावं लावायची नाहीत." त्या दोघांचं त्या दिवशी एकमत झालेली ही एकच गोष्ट. नावं लावली असती तर काय झालं असतं, यावर मी अजून अधूनमधून विचार करते.

"सगळ्या रंगांचे सारखे फोटो करा," सचिवांनी तोडगा काढला. "जेवढे निळे तेवढेच बाकीचे. कोणाले जागा नाही कमी, नाही जास्त."

"मंग उरलेलं आभाळ कुठी ठेवू?"

"मॅडम, चेष्टा नका करू."

"मी नाही करून राह्यली."

"बरं, मंग मिसळून टाका," भाऊसाहेब वैतागून म्हणाले. "निळा, हिरवा, भगवा, पिवळा, सगळे एकात एक. कोणता कोणाचा ते कळलंच नाही पाह्यजे."

"सगळे मिसळले की राखाडी होते सर. ब्रश धुतलेलं पाणी पाह्यलं ना तुम्ही? तसं."

"तर राखाडी चालंल! राखाडीले कोणाचा विरोध नाही."

हिवाळे मॅडम त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "राखाडी चालंल?"

"चालंल म्हणतो ना."

"हॉल कायम राहील?"

"शब्द दिला ना मी. राखाडी करा, कायम राहील."

ते गेले. हिवाळे मॅडमनी माझ्या हातातले खिळे घेतले, डब्यात टाकले, आणि फोटो उतरवायला लागल्या. मी विचारलं, काय करताय? त्या म्हणाल्या, "साहेबांनी सांगितलं ते." त्यांनी सगळे फोटो ज्या क्रमाने उतरवले त्याच क्रमाने गठ्ठे बांधले आणि रिक्षा बोलावून चिखलीला नेले. बसस्टँडसमोर झेरॉक्सची दुकानं आहेत. तिथे बसून त्यांनी सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. साध्या, काळ्यापांढऱ्या, आधारकार्डाच्या काढतात तशा. झेरॉक्सवाला म्हणाला, "मॅडम, कलर काढून देऊ का? यात काही दिसणार नाही." त्या म्हणाल्या, "न दिसण्याचाच आदेश हाय."

दुसऱ्या दिवशी त्या झेरॉक्स भिंतींवर लागल्या, जशाच्या तशा. निळा निळ्याच्या जागी, हिरवा हिरव्याच्या जागी, एकही इकडचा तिकडे नाही. फक्त रंग नव्हते.

मला वाटलं होतं, हे पाहून भाऊसाहेबांना लाज वाटेल. मला खरंच तसं वाटलं होतं. मॅडमनाही वाटलं असावं, नाहीतर त्यांनी इतकी मेहनत घेतली नसती. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला उत्तर मिळेल, रागाचं का होईना, ही आशा माणसाला असतेच.

संमेलनाला पाहुणे आले. फीत कापली. भाऊसाहेब आत आले, सगळीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! आता कसं शोभून दिसते! कसं जुनं, इतिहासाचं वाटते." पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या शाळेत असे उपक्रम होतात, साहेब." पाहुण्यांनी मान डोलावली. सचिव मॅडमच्या जवळ येऊन मनापासून म्हणाले, "मॅडम, तुम्ही समजूतदारपणा दाखवला. आम्ही विसरणार नाही." भाषणात भाऊसाहेबांनी जाहीर केलं, की हे प्रदर्शन इथे कायमचं राहील. टाळ्या पडल्या. हिवाळे मॅडम मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या.

फक्त ज्या मुलींनी आधी फोटो लावायला मदत केली होती, त्यांना ठाऊक होतं. लोणारला मामा असलेली ती मुलगी आपल्या आईला हाताला धरून समोरच्या भिंतीपाशी घेऊन आली होती.

"माय, हे निळं हाय."

"कुठी निळं व? काळंच तर हाय समदं."

"नाही व! निळं हाय. मले माहीत हाय. हे पण निळं, हे पण."

आई इकडे तिकडे पाहून लेकीला चिमटा काढत म्हणाली, "हळू बोल. लोकं पाहून राह्यले."

मॅडम तिथेच होत्या. त्यांनी ऐकलं. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाल्या आणि मध्येच थांबल्या, काही न करता परत फिरल्या. मला ते पाहून जितकं वाईट वाटलं तितकं पाहणीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि साडी, ही आमची ठरलेली पद्धत. साडी आणायला स्टाफमधल्या दोघी चिखलीला गेल्या होत्या. त्यातली एक माझ्या शेजारी बसली होती. मी सहज विचारलं, कोणती आणली? तिने कपाळावर हात मारला. "काय सांगू, मॅडम. दोन तास दुकानात बसलो. निळी घेतली तर म्हणतील मुद्दाम घेतली. नाही घेतली तर म्हणतील मुद्दाम नाही घेतली. भगवी तर घेताच येत नाही. हिरवी घ्यावी म्हटलं तर सरांचा फोन, की हिरवी नको, लफडं नको. मंग दुकानदारच म्हणाला, ताई, बिस्किटी घेऊन जा. त्याले कोणी काही म्हणत नाही."

मॅडमना खोका दिला. आमच्याकडे खोका तिथे उघडत नाहीत. त्यांनी उघडला. साडी बाहेर काढली, बोटांनी पोत पाहिला. मला वाटलं, आता त्या बोलतील. त्यांच्या जिभेला धार होती हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, अर्धा स्टाफ मनातून त्याच धारेची वाट पाहत होता. एकदा बोलून टाकल्या असत्या तर सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "चांगली हाय. मळणार नाही." आणि घडी पूर्ववत घालून बसल्या.

आता तो हॉल उघडत नाहीत. दुपारच्या खिचडीच्या तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, तिथे ठेवतात. झेरॉक्स अजून भिंतीवर आहेत, कारण अध्यक्षांचा शब्द होता. ओल येऊन बऱ्याचशा पुसल्या आहेत. खरे फोटो मॅडमच्या घरी लोखंडी पेटीत होते, असं ऐकलं. त्यांनी ते पुन्हा बाहेर काढले नाहीत. ते मिळवावेत आणि कुठेतरी नीट लावावेत, असं मी दोनदा सुचवलं. त्यांनी विषय बदलला.

शेवटची भेट चिखलीच्या बसस्टँडवर झाली, गेल्या वर्षी. मी डोळे तपासून परत येत होते, त्या लेकीकडे नाशिकला निघाल्या होत्या, बहुतेक कायमच्याच. त्यांच्या अंगावर तीच बिस्किटी साडी होती. मी आधी ओळखलंच नाही. इतकी वर्षं गर्दीत त्या लांबूनच ओळखू येत, आणि त्या दिवशी त्या चार बायकांमध्ये अशा मिसळून गेल्या होत्या, की मी समोरून दोनदा गेले.

आम्ही बाकावर बसलो. मी तब्येत विचारली, त्यांनी माझ्या डोळ्यांचं विचारलं. त्यांच्या मोबाइलवर सारखं टुंग टुंग वाजत होतं.

"मुलं अजून फोटो पाठवतात वाटतं?"

"पाठवतात ना. रोज पाठवतात."

"मग तुम्ही काय उत्तर देता?"

"'छान' म्हणून लिहिते. हात जोडल्याचं चित्र टाकते."

मला राहवलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये तुमचा एक फोटो होता, तुम्ही दोघं बर्फात उभे असलेले, अगदी पुढे, कॅमेऱ्यात तोंड घालून. मागे काहीतरी लाल होतं, झाड की घर ते तुमच्या डोक्यांमुळे दिसत नव्हतं. मी तो मुद्दाम उघडला आणि त्यांच्या हातात दिला. आत्ता म्हणतील, पोरांनो, बाजूला व्हा. मी वाट पाहत होते.

त्यांनी मोबाइल सरळ धरला. पाहिलं. नाशिकची गाडी लागली, कंडक्टर ओरडला. त्यांनी मोबाइल मला परत दिला आणि पिशवी उचलली.

"छान हायत नातवंडं," त्या म्हणाल्या, आणि गाडीकडे चालू लागल्या.